आमचें सांकर्य

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें नवें शास्त्र शिकूं नये असें कोणी सांगितलेलें नाहीं; परंतु शिकावें असा आग्रहहि कोणी धरीत नाहीं. आम्हीं तो उद्योग आपण होऊन अंगावर घेतला. २५ वर्षें तर्कशास्त्र शिकविल्यावर विद्यापीठांतील संगणकाच्या सायंकाळच्या वर्गांत आम्हीं नांव घातलें. शेजारच्या बाकावर जी विद्यार्थिनी बसे, ती पूर्वीं आमच्याच वर्गांत होती. आम्हांला पाहून ती उठून उभी राही. आम्ही तिला खुणेनें खालीं बसवीत असूं. शिक्षक येईपर्यंत दोघांनाहि अवघड वाटे.

विषय होता 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' रचनेचा. या पद्धतीचें मूळ नॉर्वेंत आहे. ओस्लो येथील संगणन-केंद्रांत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनीं 'सिम्युला' नांवाची भाषा रचली. जगांतील व्यवहारांची प्रतिकृति संगणकांत चालवून पाहावी, हा त्यांचा हेतु. त्या भाषेच्या १९६७ च्या आवृत्तींत 'क्लास' आणि त्याचा उपवर्ग या कल्पना आल्या. क्लास म्हणजे सांचा. त्यापासून घडलेली एकेक वस्तु म्हणजे ऑब्जेक्ट. वस्तूजवळ आपली माहिती असते आणि ती वापरण्याचें कसबहि असतें. इतरांनीं तिच्या पोटांत हात न घालतां तिला केवळ काम सांगावयाचें. उपवर्गाला मूळ वर्गाचे गुण वारशानें मिळतात.

हें ऐकून आम्हांला हंसूं आलें. ही तर आमच्या नैयायिकांची जाति आणि व्यक्ति! घटत्व निराळें, घट निराळा. शेजारणीला आम्हीं हळूच तसें सांगितलेंहि, आणि नॉर्वेकरांना आपण केव्हांच मागें टाकलें आहे, अशा समाधानांत घरीं गेलों.

पुढें ग्रंथालयाच्या देवघेवीची रचना करून आणावयास सांगितली. आम्हीं 'व्यक्ति' हा मूळ वर्ग केला आणि 'अध्यापक' व 'विद्यार्थी' हे त्याचे दोन उपवर्ग. अध्यापकाला दहा पुस्तकें सहामाहीभर, विद्यार्थ्याला दोन पुस्तकें आठ दिवस. सारें चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आम्हीं आपलेंच नांव घातलें. प्रथम अध्यापक म्हणून, आणि मग, खरें तेंच लिहावें म्हणून, विद्यार्थी म्हणूनहि. संगणकानें मुकाट्यानें आमच्या दोन व्यक्ति केल्या. त्यांतल्या विद्यार्थ्यानें पुस्तक उशिरां परत केलें, त्याला दंड झाला. अध्यापक मात्र निष्कलंक राहून आणखी दहा पुस्तकें नेण्यास मोकळा!

"सर," शेजारीण भीतभीत म्हणाली, "यांतले आपण कोणते?"

आम्ही किंचित् चिडलों. दोहोंपासून 'अध्यापक-विद्यार्थी' असा तिसरा वर्ग काढूं, असें म्हणालों. सी प्लस प्लस या भाषेंत असा दुहेरी वारसा चालतो. आम्ही शिकत होतों त्या जावा भाषेंत मात्र वर्गाला एकच पिता.

"चालत असता तरी, सर, उद्यां ग्रंथपालांनींहि वर्गांत नांव घातलें तर? तीन भूमिकांचे, एकेरी धरून, सात वर्ग होतील. आणि आपला अभ्यासक्रम संपला म्हणजे?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तेथें एकदां निर्माण झालेली वस्तु आपला वर्ग बदलूं शकत नाहीं. परीक्षा उतरूनहि आम्ही जन्मभर विद्यार्थीच! मग खालीं पाहत ती म्हणाली, "सर, आपणच शिकवलें होतें. सांकर्य."

खरेंच शिकविलें होतें. उदयनाचार्यांनीं 'किरणावली'त जातीचीं सहा बाधकें सांगितलीं आहेत, त्यांतलें सांकर्य हें एक. जे दोन धर्म कोठें एकत्र राहतात आणि कोठें परस्परांवांचूनहि आढळतात, ते दोन्ही जाति ठरूं शकत नाहींत. भूतत्व आणि मूर्तत्व हें त्याचें ठराविक उदाहरण: पृथ्वी, जल, तेज, वायु यांत दोन्ही आहेत, आकाशांत केवळ भूतत्व, मनांत केवळ मूर्तत्व. हें आम्हीं २५ वर्षें फळ्यावर लिहिलें. पण स्वतःकडे बोट दाखवावें असें एकदांहि सुचलें नाहीं. अध्यापकत्व ही आमची जाति नव्हे, ती उपाधि.

रचना आम्हीं मोडून पुन्हां केली. व्यक्ति एकच; तिच्याजवळ भूमिकांची यादी. भूमिका जोडतां येते, काढतां येते. किती पुस्तकें द्यावयाचीं हें भूमिका सांगते. दंड मात्र व्यक्तीच्या खातीं. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांनीं १९९४ सालच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथांत हाच उपदेश केला आहे: शक्य तेथें वारशाहून जोडणी बरी.

आपली पहिली चूक कशी झाली, याचा विचार घरीं जातांना करीत होतों. अज्ञान हें कारण नव्हतें. अध्यापकपण अंगरख्यासारखें काढून ठेवतां येतें, हें आमच्या मनाला कधीं शिवलेंच नव्हतें. आम्हांला निवृत्त होण्यास दोन वर्षें उरलीं आहेत. त्या दिवशीं कोणी तरी यादींतली एक ओळ पुसून टाकील. मग मागें काय उरेल, ही धास्ती आम्हीं घरांतहि कधीं बोलून दाखविली नव्हती.

रात्रीं आम्हीं ती ओळ पुसून पाहिली. अध्यापकाची भूमिका गेली. व्यक्ति राहिली, तिचें नांव राहिलें, विद्यार्थ्याचीं दोन पुस्तकें राहिलीं. आणि पूर्वींचा दंडहि राहिला.