सिझरला निघताना कार्ड आधी पिशवीत टाका

आपल्याकडं सिझर ठरलं की घरचे दोनच प्रश्न विचारतात: रक्त लागेल का, आणि खर्च किती येईल? भूल कोण देणार आणि त्यानंतर बीपी उतरलं तर काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

बहुतेक सिझर पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून होतात. आईसाठी ही पद्धत पूर्ण भुलीपेक्षा सुरक्षित मानतात. पण त्या इंजेक्शननं खालच्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. त्यात उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि काही मिनिटांत बीपी घसरतं. बाईला मळमळतं, डोळ्यापुढं अंधारी येते. फार वेळ तसंच राहिलं तर बाळाचं रक्त कमी पडतं.

कुणाचं उतरणार हे आधी ओळखता येतं का? प्रयत्न जगभर चालू आहेत. नाडीचा वेग, कुशीवरच्या आणि उताण्या बीपीतला फरक, बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा रक्तप्रवाहाचा आकडा, सोनोग्राफीत दिसणारी शीर. पण एकट्या कुठल्याच चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईचं जास्त कोसळेल असं आपल्याला वाटतं. अभ्यासात उलट दिसलं, निरोगी बाईपेक्षा तिचं कमी वेळा कोसळतं.

मेख आहे ती आकडा वाचण्यात. २०१८ साली आंतरराष्ट्रीय भूलतज्ज्ञांनी एकमतानं सांगितलं की वरचं बीपी बाईच्या मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांवर ठेवायचा प्रयत्न करा, ८० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. म्हणजे मूळ १२० असेल तर हद्द ९६. मूळ १६० असेल तर १२८. मॉनिटरवर १२० दिसलं की आपण म्हणणार, "नॉर्मल आहे." पण १६० वालीसाठी ती मोठी घसरण आहे.

हा मूळ आकडा शोधायला फार लांब जायला नको. तो माता-बाल कार्डावर असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या मोफत तपासणीत बीपी त्यावरच लिहितात.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलीला रात्री भूमहून बार्शीला हलवलं, गाडीत मीही होतो. कपडे, डबा, पैसे सगळं घेतलं होतं, कार्ड मात्र घरी. आशाताईंना फोन केला. त्या झोपेतून उठल्या आणि वहीतल्या नोंदींचा फोटो पाठवला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला आणि तिचा नेहमीचा बीपी फाइलवर ठळक लिहिला. आई-लेकरू दोघंही सुखरूप आहेत.

तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ अनेकदा बाहेरून बोलवावे लागतात. ते पेशंटला पहिल्यांदाच बघत असतात. म्हणून घरच्यांनी तीन गोष्टी कराव्यात: कार्ड सोबत न्यावं, "हिचा नेहमीचा बीपी एवढा असतो" हे स्वतःहून सांगावं, आणि भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत थांबणार ना, हे विचारावं. विचारण्यात कसली लाज? आणि आशाताईंचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.