रुतायची तेच बरं होतं

साकोली तालुक्यात माझा मातीकामाचा धंदा आहे. वीस टनी पोकलेन, दोन टिप्पर आणि उन्हाळाभर तलावांचा गाळ. भंडारा जिल्ह्यात या कामाला तोटा नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव १९५०च्या कायद्याने मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेल्यावर सरकारजमा झाले आणि गाळ साचत गेला. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. तेव्हा मशीनच्या डिझेलचा खर्च सरकारचा होता, गाळ वाहून नेण्याचा शेतकऱ्याचा. धंदा वाढला, आणि हातात पैसा आला की माणसाला कल्पना सुचायला लागतात तशा मलाही सुचल्या.

मोबाइलवर आयर्लंडचा एक व्हिडिओ पाहिला. काळ्याभोर दलदलीवर रुंद पट्ट्यांची मशीन आरामात फिरतेय, काळी माती काढून ट्रॅक्टरमागच्या यंत्रात टाकतेय, आणि त्यातून लांब वळकट्या जमिनीवर पडताहेत. त्या वाळल्या की लोक घरात जाळतात. त्या मातीला पीट म्हणतात. मला वाटलं, काळा गाळ आपल्याकडेही आहे, आणि वीटभट्टीवाले कोळसा नि राइस मिलचा भुसा विकत घेतात! एक ट्रॉली आणली, वळकट्या केल्या, खळ्यात वाळवल्या आणि ओळखीच्या भट्टीवाल्याच्या गळ्यात मारल्या. त्या जळल्या नाहीत, भाजल्या. लालबुंद, ठणठणीत निघाल्या. पुढे कितीतरी दिवस तो गिऱ्हाइकांना माझं ‘सरपण’ दाखवायचा.

आधी चौकशी करायची ती मी नंतर केली. पीट म्हणजे अर्धवट कुजलेली वनस्पती. पाणी कधीच हटत नाही, हवा लागत नाही, म्हणून ती पुरती कुजत नाही आणि वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर थर चढतो. आपल्याकडे निलगिरीच्या उंच दलदलीत तसं थोडंफार आहे. आमचे तलाव उन्हाळ्यात बरेचसे आटतात, तळाला भेगा पडतात, गुरं चरतात. झाडोरा कुजून संपतो आणि उरते ती चिकणमाती. तिकडेही पीट काढणं आता वादाचं झालंय. बोर्ड ना मोना ही त्यांची सरकारी कंपनी १९४६पासून तेच करायची, तिने २०२१मध्ये पीट काढणं बंद केलं.

सरपणाचा नाद सुटला, पण त्या रुंद पट्ट्या डोक्यातून जाईनात. कारण त्याच हंगामात माझी मशीन तलावाच्या मधोमध रुतली. वरून खडखडीत पापुद्रा, खाली लोणी. हिशेब मी केला होता: चेनला ६०० मिलिमीटर रुंद पट्ट्या (शू), वीस टन वजन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आतच भार, माणूस एका पायावर उभा राहिला तरी साधारण तेवढाच पडतो. पण ही सरासरी झाली. भरलेली बकेट घेऊन बूम लांब केला की सगळा भार चेनच्या पुढच्या टोकावर जातो. मशीन पुढे झुकली, आणि ऑपरेटर नको म्हणत असताना मी मागे-पुढे करायला लावली. चिखल असा धरून बसतो की जितकी हलवाल तितकी खाली. चेन दिसेनाशी झाली. शेवटी सागाच्या बल्ल्या खाली सारून, बकेटने रेटा देत, दुसऱ्या मशीनने ओढून काढली.

मग ९०० मिलिमीटरचे जुने शू घेतले. मशीन ३०० मिलिमीटरने रुंद झाली, ट्रेलरवरून न्यायची कटकट वाढली, मुरमाड जागी दोन शू वाकले. पण गाळात जादू झाली. पूर्वी जिथून माघारी फिरावं लागायचं तिथे मी खुशाल उभा राहू लागलो.

हेच रुंद शू घेऊन मी एका तलावात उतरलो, त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथे ढिवर समाजाची मासेमारी सोसायटी आहे. त्यांच्यातले एक काका रोज पाळीवर येऊन बसायचे. एके दिवशी खाली आले नि म्हणाले, “भाऊ, हे भांडं होय गा, बूड काहाले खरडता?” मी म्हटलं, “काका, खोल झाला तर पाणी जास्त मावेल.” ते काही बोलले नाहीत.

बकेटमध्ये काळ्या मातीबरोबर पिवळी माती येऊ लागली होती, मग मुरूम. मला दिसत होतं. पण मुरमाला गिऱ्हाईक होतं, आणि ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. पाणी धरून ठेवायची ती बसलेली चिकणमाती मी अर्ध्या एकरावरून उचलून विकली. वरच्या उथळ अंगाला देवधान, म्हणजे रानभात, होतं, तेही ‘साफसफाई’ म्हणून काढलं. मरळीसारखी गावरान मासळी त्याच झाडोऱ्यात वाढते, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही. काका पाळीवरच होते. याच भागात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना बरोबर घेऊन तलावांतलं बेशरमाचं रान काढलं आणि पाणवनस्पती मुद्दाम लावल्या. मी त्याच कामावर उलटी मशीन चालवत होतो.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. खालच्या भाताच्या बांध्यांचे धुरे दिवाळीनंतरही ओले राहिले, तेव्हा लोक खूश झाले, मीही झालो. तो खरडलेल्या तळातला पाझर होता. तलाव लवकर आटला आणि सोसायटीला मासे अर्धवट वाढलेलेच काढावे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मी माझ्या डिझेलने काळी माती आणून तो खड्डा दाबला. पाणी आता थोडं जास्त टिकतं, पहिल्यासारखं नाही. गाळ काढायला जातो तिथे आधी चारी बाजूंना खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे ते पाहतो, आणि मशीनला पुन्हा ६०० चेच शू लावलेत. ती रुतायला लागली की तिथून परततो.

रुंद शू शेडमध्ये पडून होते. लाखनीकडचा एक ठेकेदार बघायला आला. मी त्याला तळाची सगळी गोष्ट सांगितली. तो हसला, पैसे मोजून दिले. मी घेतले.