न सांगितलेले दुखणे

पाळी गेली की बाई सुटली, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. महिन्याची कटकट संपली, कुठेही केव्हाही जायला मोकळी! या सुटकेच्या आनंदात एक नवे दुखणे मात्र हळूच घरात शिरते आणि त्याचे नाव कोणासमोर काढता येत नाही.

नागपूरच्या एका शिक्षिकेची हीच गोष्ट. पाळी 47 व्या वर्षी थांबली. भारतीय स्त्रियांचे ते साधारण वयच आहे. अंगातून वाफा येणे, रात्री घामाने भिजणे हे दोन-तीन वर्षांत ओसरले. मग योनिमार्गात कोरडेपणा जाणवू लागला. आधी खाज, मग आग आणि पतीजवळ गेल्यावर तर काचेने ओरखडावे तशी वेदना. मुलगी सासरी, घरात दोघेच. बाईंनी गुडघेदुखीचे निमित्त काढून आपला बिछाना दुसऱ्या खोलीत हलवला. त्यांनी विचारले नाही, बाईंनी सांगितले नाही. तीन वर्षे बोलणे भाजी आणि विजेच्या बिलापुरतेच उरले.

त्यातच स्वच्छता म्हणून बाई रोज साबणाने आणि जंतुनाशकाच्या पाण्याने धूत. उरलासुरला ओलावाही त्यात जाई. (साधे पाणी पुरते, हे किती जणींना ठाऊक असते?) लघवीच्या जळजळीसाठी वर्षात चारदा औषधे झाली, तेव्हा कुठे एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी नेमके विचारले, ‘‘संबंधाच्या वेळी दुखतं का?’’ बाईंना रडूच फुटले.

अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन थांबले की योनीचे अस्तर पातळ होते, ओलावा कमी होतो, तिथले उपकारक जिवाणू घटतात आणि मूत्रमार्गालाही जंतुसंसर्ग लवकर होतो. घाम आणि वाफा बहुतेकींच्या काळाबरोबर जातात. हा त्रास मात्र उपचारांवाचून सहसा जात नाही, वाढतच राहतो. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये काढलेल्या तरुण स्त्रीलाही तो होतो.

त्रास थोडा असेल तर दर दोन-तीन दिवसांनी लावायचे ओलावा देणारे जेल आणि संबंधाच्या वेळी वंगण एवढ्यावर भागते. बाईंचे भागण्यासारखे नव्हते. त्यांना इस्ट्रिऑलचे मलम मिळाले. सोबतच्या नळीने रात्री झोपताना आत सोडायचे. पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. 1993 मध्ये इस्राएलमधील डॉक्टरांनी वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या 93 स्त्रियांवर याच औषधाचा प्रयोग केला. नुसते मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी सहाच्या आसपास संसर्ग झाले, इस्ट्रिऑल वापरणाऱ्यांना जेमतेम अर्धा!

तरीही आठ दिवस ते मलम कपाटातच राहिले. आतल्या कागदावर कर्करोगाचा इशारा होता. या भीतीचे मूळ 2002 मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. पण तो पोटात घ्यायच्या संप्रेरक गोळ्यांचा होता. कमी मात्रेच्या मलमातले औषध रक्तात फारच थोडे उतरते. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही अशा औषधांवरचा हृदयविकार व स्तनाच्या कर्करोगाचा ठळक इशारा काढण्याचे जाहीर केले.

तो कागद नेमका पतीच्या हाती पडला.

‘‘हे कशाचं औषध? तुला काय झालंय?’’ ते घाबरून गेले होते. मग सांगणे भागच पडले.

‘‘अहो, दुखत होतं मला. फार दुखत होतं.’’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.’’

पहिल्या रात्री नळी कशी भरायची, हे त्या कागदावरून त्यांनीच वाचून दाखवले. आग पंधरा-वीस दिवसांत कमी झाली. संबंध सुसह्य व्हायला मात्र दोन-अडीच महिने लागले. हे औषध घाईचे नाहीच.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. पाळी थांबल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला तरी मलम लावत न बसता आधी तपासणी करावी. आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने प्रथम संप्रेरक नसलेली जेलच वापरावीत. इस्ट्रोजेनचा निर्णय तिच्या कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावा. बाकीच्यांनी मलम थांबवले, तर त्रास बहुधा परत येतो, म्हणून ते वर्षानुवर्षे चालू ठेवता येते. साठी-सत्तरीतही सुरू केले तरी उशीर झाला असे होत नाही.