बीचच्या रानात काशीनरेशाची विहीर

रेडिंग आणि स्लाव भागात आता इतकी मराठी कुटुंबं आहेत, की उन्हाळ्यात तिथल्या स्टेशनांवर नातवंडाची बाबागाडी ढकलणारे आजी-आजोबा हटकून दिसतात. शनिवार आला की लेक-जावई त्यांना लंडनला नेतात, टॉवर ब्रिजसमोर फोटो काढतात आणि दमलेल्या पायांनी घरी आणतात. एखाद्या शनिवारी त्याऐवजी उलट दिशेची गाडी धरावी. ब्रुनेलने आखलेल्या आणि 1840 मध्ये या भागातून सुरू झालेल्या रेल्वेवर पंधराएक मिनिटांत गोरिंग येतं. इथे थेम्स नदी दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून वाट काढते. नदीच्या पूर्वेला चिल्टर्नच्या टेकड्या चढत जातात. त्या टेकड्यांवर, बीच वृक्षांच्या रानापलीकडे, स्टोक रो नावाच्या छोट्या गावात काशीच्या महाराजांनी खोदवलेली विहीर आहे.

मी गेलो तेव्हा मेचा पहिला आठवडा होता. गोरिंगमधून चेकेंडनपर्यंतची चाल चारेक मैलांची, तिथून स्टोक रो आणखी मैल-सव्वा मैल. चढ आहे, पण तो अंगावर येत नाही. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला तर तो चढ वाटणारच नाही.

वाट मात्र बघण्यासारखी. कुणाच्या गव्हाच्या शेतातून तिरकी जाते, कुणाच्या घोड्यांच्या कुरणातून, एका ठिकाणी तर चक्क कुणाच्या तरी परसदाराला खेटून. आपण चोरासारखं अंग चोरून चालू लागतो आणि समोरून घरमालक ‘गुड मॉर्निंग’ म्हणत जातो. या पायवाटा सार्वजनिक हक्काच्या आहेत. 1949 च्या कायद्यानंतर प्रत्येक परगण्याने त्यांचे अधिकृत नकाशे करायचे ठरलं आणि नकाशात चढलेली वाट जमिनीचा मालक बंद करू शकत नाही. शेतातून गेलेली वाट नांगरली, तर 1990 च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. पाणंद नांगरून टाकली म्हणून तहसील कचेरीत खेटे घालणारे आपल्याकडचे शेतकरी मला त्या गव्हातून चालताना सारखे आठवत होते.

रानात शिरल्यावर उजेड बदलतो. बीचची पालवी नुकती फुटलेली असते, इतकी कोवळी की ऊन तिच्यातून गाळून हिरवं होऊनच खाली येतं. खोडं गुळगुळीत, राखाडी, सरळसोट. खाली ब्लूबेलची फुलं, जांभळट निळी, पार दिसेनाशी होईपर्यंत. पानं दाट झाली की खाली ऊन पोचत नाही, म्हणून ही फुलं त्याआधीच आपला हंगाम उरकून घेतात. झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे बाण रंगवलेले असतात. चिल्टर्न सोसायटीच्या स्वयंसेवकांची ही पद्धत आहे. नकाशा न वाचता येणाऱ्या माझ्यासारख्याची त्यांनी मोठी सोय केली.

हे रान दिसतं तितकं ‘नैसर्गिक’ नाही. पिढ्यान् पिढ्या ते तोडलं आणि वाढवलं गेलं ते हाय विकम इथल्या खुर्च्यांच्या धंद्यासाठी. बॉजर म्हणून ओळखले जाणारे कारागीर रानातच झोपडं टाकून खुर्च्यांचे पाय कातत. त्यांचा लेथ म्हणजे जमिनीत रोवलेला एक लवचीक लांब दांडा. त्याला बांधलेली दोरी लाकडाला एक वेढा देऊन खाली पायपट्टीला जोडलेली. पाय दाबला की लाकूड एका दिशेने फिरतं आणि पटाशी चालते; पाय उचलला की दांडा दोरी वर खेचतो आणि लाकूड उलटं फिरतं. ओलं लाकूड फाडायचं, कातायचं आणि पाय वाळवून कारखान्याला विकायचे. खुर्ची मात्र त्यांनी कधी जोडली नाही; नफा होता तो जोडणाऱ्याचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा कसाबसा टिकला.

डोक्यावर घारी घिरट्या घालत असतात. आपल्या घारीची ही तांबूस भाऊबंद, शेपूट जास्त दुभंगलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती इंग्लंडमधून मारून संपवली होती. 1989 ते 1994 या काळात स्पेनमधून पिलं आणून चिल्टर्नमध्ये सोडली. आता चेकेंडनच्या चर्चवरही ती सहज दिसते. हे नॉर्मन काळातलं चर्च आत जाऊन पाहावं. अर्धगोल गाभाऱ्याच्या भिंतीवर मध्ययुगीन चित्रं आहेत.

या टेकड्या खडूच्या आहेत, अक्षरशः. पाऊस पडतो तो खडूतून झिरपून थेट खोल जातो. वरच्या गावांना ना नदी, ना ओढा, ना झरा. गारगोटी आणि विटांच्या त्या देखण्या घरांत राहणारी माणसं छपरावरचं पाणी साठवत, मातीच्या खड्ड्यांतलं गढूळ पाणी गाळून पीत आणि उन्हाळ्यात तेही आटलं की मैलोन् मैल जाऊन पाणी आणत. जगावर राज्य करणाऱ्या देशाच्या राजधानीपासून चाळीस मैलांवरची ही परिस्थिती.

शेजारच्या इप्सडेनच्या जमीनदार घराण्यातला एडवर्ड अँडरडन रीड कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. कादंबरीकार चार्ल्स रीड हा त्याचा धाकटा भाऊ. 1857 च्या उठावात आग्र्याच्या किल्ल्यात लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन वारला, तेव्हा वायव्य प्रांताची सूत्रं काही दिवस याच रीडच्या हाती होती. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह होता. बोलता बोलता त्याने आपल्या मुलखातली एक हकिगत महाराजांना सांगितली: घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका पोराला आईने बदडलं. 1860 मध्ये रीड मायदेशी परतला. महाराज ते पोर विसरले नव्हते. त्यांनी विहिरीसाठी पैसे दिले.

10 मार्च 1863 ला खोदकाम सुरू झालं आणि 24 मे 1864 ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावाला मिळाली. खोली 368 फूट, रुंदी अवघी चार फूट, खोदाई सगळी हाताने. चार फुटांत एकच माणूस मावणार. वर आभाळाचा ठिपका आणि चहूबाजूंनी खडू. कुतुबमिनार उलटा करून आत सोडला, तरी त्याच्यावर सव्वाशे फूट उरतील. भरलेली बादली वर यायला सुमारे दहा मिनिटं लागत.

आज विहिरीवर ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभा घुमट आहे आणि महाराजांच्या देणगीची नोंद त्याच्या कडेने इंग्रजीत केलेली आहे. खाली रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती, अंबारीच्या ऐटीत. बाजूला राखणदाराचं छोटंसं अष्टकोनी घर. मागे चेरीची बाग लावलेली होती, तिचं नाव ईश्वरी बाग. फळं विकून विहिरीचा खर्च निघावा अशी योजना. बागेत माशाच्या आकाराचं तळंही खोदलं, कारण मासा हे काशीच्या राजघराण्याचं चिन्ह. वाचायला गंमत वाटते, पण देणगी देऊन विसरणाऱ्या राजांपैकी हे नव्हते. 1882 मध्ये विंडसर स्टेशनवर व्हिक्टोरियावर गोळी झाडली गेली आणि ती बचावली, तेव्हा त्यांनी स्टोक रोच्या गावकऱ्यांना ब्रेड, चहा, साखर आणि जेवण दिलं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटलं. पाणपोई आणि विहीर बांधणं हे आपल्याकडे पुण्याचं काम. काशीला तर अहिल्याबाईंचं नाव पावलोपावली भेटतं. महाराजांच्या मनात ते पुण्य नक्कीच असणार. पण 57 साली ते इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, हेही विसरून चालत नाही. शिवाय त्याच वायव्य प्रांताच्या पश्चिम भागात 1860-61 मध्ये भीषण दुष्काळ पडून माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी काशीच्या रयतेचा पैसा ऑक्सफर्डशायरच्या खडूत उतरत होता. देणगीमागचा कळवळा खरा आणि हिशेबही खरा, असं माझं मत झालं. स्टोक रोच्या बायकांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांची पायपीट वाचली आणि पुढची कित्येक वर्षं त्या हे पाणी फुकट भरत राहिल्या.

पुढे ही फॅशनच झाली. विजयनगरमच्या महाराजांनी हाइड पार्कमध्ये कारंजं दिलं. मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनींनी 1869 मध्ये रीजंट्स पार्कमध्ये पाण्याचं कारंजं उभारलं. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह ज्यांच्या नावाने आहे तेच हे. लंडनला गेलात तर तेही पाहा.

नळ आल्यावर विहिरीचा वापर थांबला. 1964 च्या शताब्दीला प्रिन्स फिलिप इथे आले होते आणि त्या वेळी गंगेचं पाणी आणून विहिरीच्या पाण्यात मिसळलं होतं. खोदणाऱ्या मजुरांचं नाव मात्र मला तिथे कुठे आढळलं नाही.

येताना इप्सडेनवरून उतरावं. गावाबाहेरच्या शेतात रीड घराण्यातल्या जॉन थर्लो रीडच्या स्मरणार्थ एक दगड उभा आहे. 1827 मध्ये तो सहारनपूरला वारला. बातमी यायच्या आधीच त्याच्या आईला तो या जागी दिसला, असं गावात सांगतात.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एप्रिलची अखेर किंवा मेचा पहिला पंधरवडा धरा. ब्लूबेल तेव्हाच असतात. बूट पाण्यात टिकणारे हवेत, कारण पावसानंतर खडूची वाट साबणासारखी घसरते. कुरणाचं फाटक उघडलंत तर मागे वळून लावा. विहीर पाहायला तिकीट नाही. पण देखभाल एक विश्वस्त संस्था करते, तेव्हा काशीच्या नावाने पेटीत चार नाणी टाकायला हरकत नाही.