रायचूर-सोलापूर लाईन आणि माझं बदललेलं मत

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. सगळीकडे कौतुक चाललं होतं. मी मात्र मादन हिप्परग्यात बसून त्या जोडणीच्या विरोधात बोलत होतो, आणि ते अगदी मनापासून.

आमचं गाव आळंद तालुक्यात. जिल्हा कलबुर्गी, राज्य कर्नाटक, घरात मराठी, सोयरीक उमरग्या-सोलापुराकडे. बोलण्यात आणि भाकरीत इकडचं-तिकडचं फारसं काही नाही. विजेत मात्र सीमा होती. महाराष्ट्र उत्तर-पूर्व-पश्चिमेच्या मोठ्या ग्रिडमध्ये, आम्ही दक्षिणेच्या. दोन्हीकडे पन्नास हर्ट्‌झचीच वीज, पण ठेका वेगळा, त्यामुळे तारेला तार थेट जोडता येत नसे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी करून वीज मोजूनमापून पलीकडे सोडायचे.

हे वेगळेपण मला तटबंदीसारखं वाटायचं, आणि पुरावाही हाताशी होता. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तरेचं ग्रिड कोसळलं. ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडं गेली. साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली, रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, पश्चिम बंगालमध्ये खाणकामगार जमिनीखाली अडकले. दक्षिणेचं ग्रिड उभं राहिलं. उद्या शत्रूनं एका जागी घाव घातला तर सगळा देश एकदम का पडावा, असं मी सोलापूरच्या व्याह्यांना विचारायचो. ते म्हणायचे, ‘तुमच्याकडे वीज कमी पडते तेव्हा कुणाकडे मागणार?’ तेव्हा दक्षिणेत तुटवडा होता, बाकी देशात वीज असली तरी ती आणायला वाट अपुरी होती. हे कळत असूनही मी हटत नव्हतो. तुटवडा सोसू, पण सुरक्षित राहू, हे माझं उत्तर.

माझं मत एका दिवसात बदललं नाही. आधी २०१२ च्या चौकशीचा तपशील वाचला. बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाईनवर भार फार वाढला होता. संरक्षक रिलेला तो बिघाड वाटला आणि त्यानं लाईन तोडली. पुढची पडझड त्यातून झाली. त्यात शत्रू कुणीच नव्हता. शिवाय माझी दक्षिणही कोरडी राहिली नव्हती. ओडिशातल्या तालचेरहून कोलारला येणारी वीज घटली आणि दक्षिणेला आपोआप भार तोडून तोल सावरावा लागला. म्हणजे मी ज्याला स्वतंत्र म्हणत होतो ते ग्रिडही पलीकडच्या विजेवर टेकलेलंच होतं. उलट, कोसळलेल्या भागांना पुन्हा उभं करायला वीज पोहोचली ती शाबूत राहिलेल्या पश्चिमेकडूनही.

खरा बदल युक्रेननं घडवला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या देशानं रशिया-बेलारूसच्या ग्रिडपासून स्वतःला वेगळं केलं होतं, तेही काही दिवसांच्या ठरलेल्या चाचणीसाठी. काही तासांतच रशियानं आक्रमण केलं. युक्रेन परत रशियाकडे जोडला गेलाच नाही. तीन आठवडे एकट्यानं तोल सांभाळला, आणि १६ मार्चला मोल्डोव्हासह युरोपच्या ग्रिडला जोडून घेतलं. लढाई अंगावर असताना त्या लोकांनी एकटेपणात सुरक्षितता शोधली नाही. त्यांना तुटून उभं राहता येत होतं, म्हणूनच कुणाशी जोडायचं हे ते ठरवू शकले. पुढे त्यांच्या उपकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडली तेव्हा युरोपची वीज कामी आली.

मग १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, ती घटना मला वेगळी दिसू लागली. त्या सकाळी कळवा-पडघे भागातल्या लाईन एकामागोमाग बंद पडत गेल्या. संकटात मुंबईला बाकी ग्रिडपासून सोडवून स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालवण्याची आयलँडिंगची सोय १९८१ पासूनची. त्या दिवशी ती टिकली नाही, आणि लोकलसुद्धा थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक म्हटलं. त्यामागे चीन होता का, यावर आम्ही वाद घालत बसलो. कारण दोन्हीपैकी कोणतंही असो, शहराला वेळेवर सुटं होता आलं नाही. त्यावर आमच्यात कुणी आवाज चढवला नाही, मीही नाही.

आज मी जोडणीच्या बाजूनं आहे, पण माझी एक अट आहे. तुटण्याची तालीम हवी, आणि हातानं ब्रेकर चालवणारी माणसं हवीत. २०१५ च्या डिसेंबरात युक्रेनमधल्या वीज कंपन्यांच्या संगणकांत हल्लेखोर शिरले, तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, कारण कर्मचारी उपकेंद्रांवर जाऊन हातानं ब्रेकर लावत गेले.

आमच्या भागातल्या ३३ केव्हीच्या उपकेंद्रात रात्रपाळीचा माणूस दर तासाला अँपिअर वाचून रजिस्टरमध्ये लिहितो. लाइनमन फोनवर एलसी, म्हणजे लाईन बंद करून कामाची परवानगी, मागतो. रात्रपाळीचा माणूस फीडर बंद करतो, वेळ लिहितो, हँडलला पाटी अडकवतो, आणि त्याच लाइनमनच्या तोंडून ‘उतरलो’ ऐकल्याशिवाय फीडर चालू करत नाही, मग गावातून कितीही फोन येवोत. ही शिस्त सायबर सुरक्षेच्या कुठल्याही यंत्राइतकीच मोलाची आहे असं मी मानतो. उपकेंद्रं दुरून चालवायचे दिवस आले आहेत, आणि त्याला माझी हरकत नाही. पण त्या बहाण्यानं रात्रपाळी काढून टाकू नये, खांबावर चढणाऱ्या पोरांना कंत्राटावर टांगतं ठेवू नये. याच्यासाठी मी आता ग्रामसभेत बोलतो, आणि वीज कंपनीच्या ग्राहक बैठकीतही.