विहिरीचा हिशेब

वसईच्या किनाऱ्यालगत ज्यांचे बालपण गेले, त्यांना रहाटाची कुरकुर वर्णन करून सांगावी लागत नाही. आमच्या वाडीतल्या विहिरीवर डोळ्यांना झापडे बांधलेला बैल पहाटेपासून फेऱ्या घाली, भरलेले लोटे वर येत आणि पाटाचे पाणी केळींच्या आळ्यांत जाई. समुद्र अर्ध्या मैलावर. तरी विहिरीचे पाणी शहाळ्यासारखे गोड. यात काही नवल आहे, असे त्या वयात आम्हांला वाटले नाही.

१९८७ साली आम्ही रहाट काढून विजेची मोटार बसवली. ‘‘भराभर उपसू नका, विहिरीला दम घेऊ द्या,’’ असे वडील म्हणाले. आम्ही चार बुके शिकलेले, हसलो. पुढे टँकर येऊ लागले. केळींपेक्षा पाण्यालाच अधिक भाव आला आणि आम्हीही पाणी विकले. चार-पाच उन्हाळे बरे गेले. मग एका मे महिन्यात केळीच्या पानांच्या कडा करपल्या, साबणाला फेस येईना, डाळ शिजता शिजेना. वडिलांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले, थुंकले आणि काही न बोलता घरात गेले.

विहिरीचे शास्त्र आम्ही त्यानंतर वाचले. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम. हलके ते वर राहते. किनाऱ्याच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर असेच तरंगत असते. फरक २५ ग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा हिस्सा. म्हणून समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी साठलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने हा नियम स्वतंत्रपणे मांडला.

मात्र हा हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी एक फुटाने कायमची खाली गेली, की खालचा खारा थर कालांतराने चाळीस फूट वर सरकतो. शिवाय मोटार जोरात ओढू लागली, की नेमके विहिरीखालचे खारे पाणी शंकूसारखे वर चढते. रहाट संथपणे वरवरचेच पाणी काढी आणि बैल थकला की थांबे. मोटार थकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नातवाला आम्ही हे पेल्यात दाखवले. मिठाच्या पाण्यात निळी शाई घालून अर्धा पेला भरला. वर चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी हलकेच सोडले. दोन थर वेगळे दिसू लागले. वरच्या थरात नळी धरून त्याने सावकाश चोखले, तेव्हा पाणी स्वच्छ आले. जोराने चोखताच निळी रेघ वर चढली. ‘‘आजोबा, मग तुम्ही हळू का नाही काढलंत?’’ त्याने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

वडिलांनी या गोष्टीचा पुढे कधी उच्चार केला नाही. रागावले असते, तर आम्हांला हलके वाटले असते. विहिरीचा दम म्हणजे काय, हे आम्हांला पुस्तकातून उमगले, तोवर ते ऐकायला राहिले नव्हते.

अलीकडे छपराचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून आम्ही विहिरीत सोडतो. बुजत आलेले बावखल गाळ काढून मोकळे केले. त्यात साचलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते. मोटार दिवसातून थोडाच वेळ चालते. खारा थर चढतो झटपट, उतरायला मात्र अनेक पावसाळे लागतात. दर वर्षी पावसाळा सरला, की आम्ही ओंजळभर पाणी चाखून पाहतो. अजून जिभेला मचूळ लागते. पण यंदा ते थुंकावे लागले नाही.