अंगठा मागणारे गुरुजी आणि आमच्या मुली

भारत सरकार उत्तम क्रीडा प्रशिक्षकांना 1985 पासून जो पुरस्कार देते, त्याचे नाव द्रोणाचार्य पुरस्कार. ज्याने एकलव्याला शिकवले काहीच नाही आणि गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मात्र मागितला, त्याच्या नावाने! हे नाव बदलायला हवेच. पण त्या नावामागची गुरुशाही आजही मैदानावर जिवंत आहे आणि तिचा जास्त मार मुली खातात, त्याबद्दल आम्हाला इथे बोलायचे आहे.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथल्या मुली कबड्डी, खो-खो खेळतात. घरून परवानगी मिळवणे हीच त्यांची पहिली स्पर्धा. ती जिंकून मैदानावर जावे तर तिथे 'सर' असतात. पाळी असो वा ताप, सर म्हणतील तेवढे पळायचे. संघात का घेतले नाही, हे विचारायचे नाही. चूक झाली की सर सगळ्यांसमोर बापाचा धंदा काढतात. (जात वेगळी काढावी लागत नाही, धंद्यातून ती कळतेच.) आणि हे सगळे मुकाट गिळणाऱ्या मुलीचे कौतुक काय, तर 'पोरगी चिवट आहे!' आमचा आक्षेप या कौतुकाला आहे. सोसण्याची सवय आपल्या आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यासाठी प्रशिक्षक कशाला हवा? हरल्यावर, दुखापतीनंतर, अपमानानंतर तोंड शाबूत ठेवून पुन्हा उभे राहता आले, तर त्याला आम्ही कणखरपणा म्हणू.

समाजशास्त्र शिकताना कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा 1939 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचला होता. मुलांच्या गटांना वेगवेगळ्या पद्धतीचे नेते दिले. हुकूमशाही नेता खोलीबाहेर गेला की गटाचे काम ढेपाळायचे. लोकशाही पद्धतीने वागणारा गेला तरी काम चालू राहायचे. प्रयोग मुलग्यांवर होता, तोही अमेरिकेत. तरी आम्हाला तो मैदानावर रोज दिसतो. सामना चालू असताना सर रेषेबाहेरच असतात. धाकावर घडलेली मुलगी अडचणीत आली की आधी त्यांच्या तोंडाकडे बघते, मग चढाईला जाते.

2021 चे टोकियो ऑलिम्पिक आठवा. महिला हॉकी संघ नेदरलँड्स, जर्मनी आणि ब्रिटनकडून ओळीने हरला. डच प्रशिक्षक श्योर्द मरीन यांनी तिसऱ्या पराभवानंतर उघड नाराजी व्यक्त केली. शब्द कडक होते, पण रोख खेळावर होता, कुणाच्या घराण्यावर नव्हता. कडक असणे आणि अपमान करणे यातला हा फरक आपल्याकडच्या सरांना कळतच नाही. त्यानंतर याच संघाने आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला हरवून पहिल्यांदा ऑलिम्पिकची उपांत्य फेरी गाठली. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियाने हॅटट्रिक केली. वडील दोन महिन्यांपूर्वी वारले होते. सराव शिबिरात असल्याने तिला अंत्यविधीलाही जाता आले नव्हते.

4 ऑगस्टला अर्जेंटिनाकडून संघ हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घराबाहेर फटाके फुटले. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असे ओरडत जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार कुटुंबाने पोलिसांत दिली. 6 ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात वंदनाने पुन्हा गोल केला. सामना 4-3 असा गेला, पण ती उभी होती.

याचे सगळे श्रेय आम्ही प्रशिक्षकाला देणार नाही, कारण ती पुन्हा गुरुपूजाच झाली. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत विभूतिपूजेबद्दल दिलेला इशारा मैदानालाही लागू आहे. आणि तिच्या जिद्दीचे गोडवे गाताना फटाके फोडणारे कोण, हे विसरायचे का? दलित मुलीने कणखर व्हावे आणि गावाने होते तसेच राहावे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा क्रीडासंस्था आणि मैदानांनाही लागू होतो, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसते. म्हणून वस्तीतली मुलगी क्लबात घालण्याआधी आम्ही पालकांसोबत जातो आणि दोन गोष्टी विचारतो. तक्रार करायची तर कुणाकडे? संघात निवड झाली नाही तर कारण सांगता का? एका सरांनी आम्हालाच विचारले, "मुलगी खेळायला आणलीय की चौकशी करायला?" त्या क्लबात आम्ही मुलगी घातली नाही. ती आता तालुक्याला एका बाईंकडे खेळते. बस अर्ध्या तासाची आहे, भाड्याचे वस्तीतून जमवतो.